तार्नोचा फोन

आत्ता सांगू नका तिला, दोन महिन्यांनी सुट्टीवर जाईल तेव्हा कळेलच, असं आई स्वयंपाकघरात बाबांना हळू आवाजात म्हणाली. मी बाहेर फोनपाशी उभी होते. रिसीव्हर केव्हाच खाली ठेवला होता, पण आईला दारात निरोप सांगून मी परत तिथेच येऊन उभी राहिले होते. ती म्हणजे सुमी, आमच्याकडे घरकामाला असलेली इंडोनेशियाची बाई. तिचे वडील गेले हे सांगणारा तिच्या भावाचा फोन मीच घेतला होता. चौदा वर्षांची होते मी. त्या फोनवर भावाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी आईला त्यातली एकच सांगितली होती. तुम्ही आलात ते आईशी बोलायला, मंडळाच्या अंकासाठी, गल्फमधली पंचवीस वर्षं वगैरे, आणि ती दमून आत आडवी झाली म्हणून माझ्याकडे वळलात, तर माझ्याकडे सांगण्यासारखं हे एवढंच आहे.

सुरुवातीपासून सांग म्हणता तर सांगते. माझा जन्म इथलाच, वाढले शारजात, या अल नहदातच. पूर्वी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये होतो. बाबा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर, अजून तिथेच आहेत. आई कोकणातली, संगमेश्वरच्या आत कुठेतरी तिचं माहेर, ती इथे एका क्लिनिकच्या लॅबमध्ये. माझी शाळा दुबईत, ऊद मेथाला, म्हणजे बस पावणेसहाला खाली यायची आणि मी अर्धी झोप बसमध्येच करायचे. इंग्लिश मीडियम. घरात आई-बाबा मराठीत बोलायचे, आम्ही दोघी बहिणी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचो, मीनू तर अजूनही देते. आणि मी मुळात कमी बोलणारी. वर्गात उत्तर यायचं, वहीत लिहिलेलं पण असायचं, पण हात वर जायचा नाही. काय सांगू तुम्हाला, दरवर्षी रिपोर्ट कार्डवर टीचर तोच रिमार्क लिहायच्या, शूड स्पीक अप. बाबा सही करायचे आणि म्हणायचे, अगं बोल की जरा, बोलायला काय व्हिसा लागतो का.

मीनू झाली तेव्हा सुमी आली. मी आठ वर्षांची होते. आईची रजा संपत आली होती आणि आजी काही येऊ शकत नव्हती, म्हणून बाबांनी एजन्सीतून तिचा व्हिसा काढला. आली तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि पायात कुणाचे तरी पुरुषी सँडल. आई म्हणाली, हिला तर काहीच येत नाही, हिंदी नाही, इंग्लिश नाही, मी हिला सांगणार कसं. पण मीनू रडायला लागली आणि सुमीने पिशवी ठेवून तिला उचललं, खांद्यावरून एक कापड तिरकं बांधून तिला त्यात टाकलं आणि झाडू हातात घेतला. आई नंतर कित्येक वर्षं हे सगळ्यांना सांगायची.

वय विचाराल तर तेव्हा बत्तीस-तेहेतीस असेल. नवरा मलेशियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. मूल नाही. गावी वडील आणि धाकटा भाऊ तार्नो. वडिलांना ती बापाक म्हणायची, म्हणून आम्ही पण बापाकच म्हणतो, जसे काही आमच्या ओळखीचेच. तिला आम्ही म्बाक म्हणायला लागलो, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती आईशी तोडक्या हिंदीत बोलायची, मॅडम पानी गया, मॅडम बकाला बंद, बकाला म्हणजे खालचं किराणा दुकान. माझ्याशी मात्र स्वतःच्या भाषेत बोलायची, मला कळतंय की नाही बघायची पण नाही, आणि दोन-तीन वर्षांत मला कळायला लागलं. मी बोलायचे कमी, पण ऐकू सगळं यायचं. आई-बाबांना त्यातलं काही कळायचं नाही. घरात तिची भाषा येणारी मी एकटीच, आणि याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

शाळेतून आले की मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे आणि ती गावाबद्दल सांगायची. म्हणजे मला सांगायची असं पण नाही, भाजी चिरता चिरता बोलत राहायची. मी ते गाव कधी बघितलेलं नाही, तरी आत्ता मला डोळे मिटून दाखवता येईल. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं, वरच्या पायरीतलं पाणी बांबूच्या नळीतून खालच्या पायरीत. पाणी कुणी किती वेळ घ्यायचं हे सांगायला गावाने एक म्हातारा नेमलेला, तो छत्री घेऊन बांधाबांधाने फिरायचा आणि त्याच्याशी कुणी भांडायचं नाही, कारण तो त्याच दिवशी तुमचं पाणी अर्धा तास उशिरा सोडायचा. एका बाजूला नारळाची झाडं, एका बाजूला बांबूचं बन. दुपारी गाव इतकं शांत असायचं म्हणे की शेजारच्या घरात कुणी कांदा कुटला तरी कळायचं. दाणा भरायला लागला की पक्षी हाकलायला शेताच्या मधोमध एक मचाण, तिथून चारी बाजूंना दोऱ्या आणि दोऱ्यांना पत्र्याचे डबे. लहानपणी सुमी तिथे बसून दोऱ्या ओढायची आणि झोप लागली की बापाक खालून ढेकूळ मारायचे. कापणी झाली की लांबच्या गावचा एक माणूस दोनशे-तीनशे बदकं घेऊन यायचा, बदकं सांडलेले दाणे आणि गोगलगायी खाऊन शेत साफ करायची आणि मग पुढच्या गावी जायची. मीनूला बदकांची गोष्ट इतकी आवडायची की ती म्हणायची, टेल द डक मॅन, आणि सुमी परत पहिल्यापासून सांगायची.

आणि कापणीची त्यांची एक पद्धत होती. विळा असतोच, पण पहिली मूठ विळ्याने कापायची नाही. तळहातात लपेल एवढं एक छोटं पातं असतं, बोटांच्या मध्ये धरायचं, आणि एक एक लोंबी खुडायची. का, तर भाताची देवी भित्री असते, मोठं पातं बघून ती घाबरून शेत सोडून जाते. देवी श्री म्हणतात तिला. आई हे ऐकून थांबली होती, हातात पोळीचा तवा. म्हणाली, श्री म्हणजे आमची लक्ष्मीच की गं, पण तुम्ही तर मुसलमान ना. सुमी म्हणाली, हो मॅडम, मुसलमान, पण भाताला काय माहीत.

आई आणि तिचं तसं फार बोलणं व्हायचं नाही, आई थकूनच यायची. पण भाताचा विषय निघाला की दोघी वेगळ्याच व्हायच्या. एकदा आईने तिला विचारलं, तुमच्याकडे तरवा कसा लावतात. तरवा म्हणजे भाताची रोपं, आईचा शब्द. सुमी समजली, ती खाली वाकली आणि फरशीवर तीन बोटांनी रोप टोचल्यासारखं करत मागे मागे सरकायला लागली. आई म्हणाली, अगं आम्हीपण उलटंच जातो, आणि ती पण वाकली, ड्युटीच्या कपड्यांत, आणि दोघी मागे सरकत सरकत वॉशिंग मशीनला जाऊन धडकल्या. बाबा दारात आले आणि म्हणाले, यल्ला, चला, लावणी झाली असेल तर चहा मिळेल का.

हे सगळं सांगते कारण ते शेत काय होतं ते तुम्हाला कळावं. मोठं नव्हतं. मी एकदा विचारलं, किती आहे, तर तिने मला गॅलरीत नेलं. खाली तेव्हा नुसती वाळू होती, आता तिथे टॉवर आहे, लोक आपल्या गाड्या तिथेच लावायचे. तिने बोट केलं, त्या पांढऱ्या पजेरोपासून त्या खांबापर्यंत, आणि इकडे कचऱ्याच्या डब्यापर्यंत. एवढंच. पण ते तिच्या आजीचं होतं, आजीकडून तिच्या आईकडे आलं, आणि आईनंतर ते निम्मं सुमीचं निम्मं तार्नोचं, बापाक नुसतं कसायचे. त्यांच्यात मुलींना पण शेत येतं. माझी आई म्हणाली, मुलीला शेत, आमच्याकडे साडी देतात आणि वर्षातून एकदा तांदळाचं पोतं. बांध काही घातलेला नव्हता, दोघांचं एकत्रच. सुमीचं ठरलेलं होतं, हे एक काँट्रॅक्ट आणि मग खलास, परत जायचं आणि बापाकच्या हातून शेत आपल्या हातात घ्यायचं, ते म्हातारे झाले होते, चिखलातून पाय उचलत नाही असं पत्रात लिहायचे. ती त्याबद्दल अशी बोलायची की जणू उद्याची बस आहे.

तर फोन. शुक्रवारी सकाळी आला. सुमी मीनूला घेऊन खाली गेली होती, बाबा अंघोळीला, आई क्लिनिकमधून यायची होती. गावात फोन नव्हता, तार्नो मोटरसायकलवरून तालुक्याला जाऊन तिथल्या फोनच्या दुकानातून बोलत होता. मी हॅलो म्हटलं, तो त्यांच्या भाषेत म्हणाला, कोण, मी म्हटलं, मी इथली मुलगी, मला कळतं. मग तो हळूहळू बोलायला लागला, लहान मुलाला सांगतात तसं. म्हणाला, बापाक गेले, सहा दिवस झाले, शेतावरून आले, पाय धुतले आणि बसले ते उठलेच नाहीत. त्याच दिवशी पुरलं. मग म्हणाला, अजून एक आहे, ते नीट ऐक. वीटभट्टीवाला शेत मागतोय. आजूबाजूची तीन शेतं त्याने घेतलीत. तो माती काढणार विटांसाठी, म्हणजे परत भात होणार नाही तिथे. मला एकट्याला शेती जमत नाही, मला विकायचंय, पण निम्मं म्बाकचं आहे. ती नको म्हणाली तर मी विकणार नाही. तिला विचार. आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवण असतं, जेवण झालं की गावच्या प्रमुखाकडे कागद करायला बसायचं ठरलंय. त्याच्या आधी तिने या नंबरवर निरोप द्यावा, दुकानवाला माझ्या ओळखीचा आहे. काही निरोप आला नाही तर तिला चालेल असं मी धरीन. सांगशील ना. मी म्हटलं, हो, सांगते. नंबर लिहून घेतला. शाळेच्या डायरीत, मागच्या पानावर.

लाइन अगदी स्वच्छ होती. हे मी मुद्दाम सांगते.

आई आली तेव्हा मी दारातच म्हटलं, म्बाकचे बापाक गेले. आईने पर्स सोफ्यावर टाकली आणि खालीच बसली. बाबा आले, मग दोघं आत गेले, आणि मग ते मी ऐकलं, आत्ता सांगू नका तिला. आई काही वाईट मनाची नाही, हे लिहाल ना. तिचे स्वतःचे वडील गेले तेव्हा मामाने तिला अकराव्या दिवसानंतर कळवलं होतं, ती इथे एकटी आहे, मी पोटात होते, रडून काय करणार, म्हणून. इथे सगळे असंच करतात. तुम्ही कुणालाही विचारा. साइटवरच्या माणसांना तर कंपनीतले लोक महिना-महिना सांगत नाहीत, गावाहूनच सांगून ठेवलेलं असतं, त्याला कळवू नका, तो तिथे उंचावर काम करतो. आईला खरंच वाटत होतं की ती सुमीला दोन महिने सुखाचे देतेय. आणि मीनूला त्याच आठवड्यात कांजिण्या निघाल्या होत्या, आणि सुमी गेली असती तर घर चाललं नसतं, हे पण होतं, पण ते कुणी बोललं नाही. सुमीचा पासपोर्ट बाबांच्या कपाटात आमच्या पासपोर्टांबरोबर एकाच रबरबँडमध्ये असायचा. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. म्हटलं, आई, अजून एक. आई म्हणाली, हे बघ, तू यात पडू नकोस, आणि तिच्यासमोर चेहरा पाडून बसू नकोस, अभ्यासाला बस. मी गेले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा कुठलीच गोष्ट म्हणत नसे, एकदा म्हणायलाच मला इतका वेळ लागायचा.

मग ते दिवस. डायरीत मी चाळिसाव्या दिवसावर एक ठिपका काढला होता, बुधवार होता, मॅथ्सची टेस्ट पण त्याच दिवशी. रोज बसमध्ये मी वाक्य तयार करायचे, तिच्या भाषेत, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. पण शेताचं सांगायचं तर आधी बापाकचं सांगायला लागणार, आणि ते तर मोठ्यांनी सांगायचं नाही ठरवलेलं. नुसतं शेताचं विचारावं का, तर तिने लगेच म्हटलं असतं, बापाक असताना तार्नो कोण विकणारा. चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून वाट निघत नव्हती. आता निघते, आता दहा वाटा दिसतात, बाबांना सांगायचं, डायरीतला नंबर बाबांच्या हातात द्यायचा. बाबांनी एका मिनिटात फोन लावला असता. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मग बाबा म्हणाले असते, हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस, आणि जितके दिवस जात होते तितका तो प्रश्न मोठा होत होता.

ती कपडे वाळत घालत असायची, मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. म्हणायचे, म्बाक. ती म्हणायची, काय. मी म्हणायचे, माझे मोजे कुठेत. ती म्हणायची, पायात बघ. एकदा ती म्हणाली, बापाकचं पत्र आलं नाही या महिन्यात, कापणी चालली असेल, हात रिकामा नसेल. आणि तिने त्यांना पत्र लिहिलं, ओट्यावर बसून, माझं पेन घेऊन, उंदीर लागले का भाताला, पहिली मूठ कुणी खुडली. मला म्हणाली, साहेबांना दे पोस्टात टाकायला. मी दिलं. गेलेल्या माणसाच्या नावाचं पाकीट बाबांनी बॅगेत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ते तिकडे पोचलं तेव्हा चाळिसावा होऊन गेला होता.

त्या बुधवारी मी टेस्ट दिली. चांगले मार्क मिळाले.

ती सुट्टीवर निघाली त्या सकाळी आईने तिला सांगितलं. बॅग दारात, बाबा गाडी काढायला गेलेले. आई रडत होती, सुमी रडली नाही. तिने विचारलं, कधी. आईने सांगितलं. ती बोटांवर मोजायला लागली, तीन, सात, चाळीस, त्यांचे ते जेवणाचे दिवस, आणि म्हणाली, सगळे गेले, शंभरावा तेवढा राहिलाय. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ठीक है मॅडम. आईला वाटलं, बरं झालं, हिला सोसवलं. मी मीनूच्या मागे उभी होते.

तीन महिन्यांची सुट्टी होती आणि नंतर तिला यायचंच नव्हतं, बाबांनी दुसरी बाई बघायला घेतली होती. पाच आठवड्यांत फोन आला, साहेब माझा व्हिसा आहे का अजून. शंभरावा दिवस झाला आणि ती परत आली. आईला आनंद झाला, देवच पावला म्हणाली. परत का आली ते मला तिने सांगितलं, मी स्टुलावर बसले होते तेव्हा. ती पाठमोरीच होती. म्हणाली, शेत नाही आता. खड्डे आहेत, त्यात पावसाचं पाणी आणि बाजूला विटा रचलेल्या. त्या विटा बघितल्या मी, आदिक. आदिक म्हणजे धाकटी, मला म्हणायची. तार्नो म्हणतो, मी तुला फोनवर विचारलं होतं, त्या मुलीला सगळं नीट सांगितलं, ती हो म्हणाली. मग ती वळली आणि तिने मला विचारलं, शेताचं काही बोलला होता का तो.

आणि मी म्हटलं, लाइन बरोबर नव्हती, मला बापाकचं तेवढंच कळलं.

ती म्हणाली, मी त्याला तेच सांगितलं. म्हटलं, ती माझी मुलगी आहे, मी वाढवलीय, तू सांगितलं असतंस तर तिने मला सांगितलं असतं. बापाकच्या जेवणाच्या पानावर बसून तू खोटं बोलतोस. आणि म्हणाली, मी त्याच्या घरात पाणी प्यायले नाही त्यानंतर, गावातल्या एका काकूकडे राहिले. एवढं बोलून ती परत तांदूळ निवडायला लागली. मी खोलीत गेले आणि होमवर्क केला.

सात वर्षं झाली त्याला. तुम्हाला वाटेल, रोज आठवत असेल. रोज नाही आठवत. घरात माणूस असतं, चहा देतं, केसांना तेल लावून देतं, बारावीच्या परीक्षेला दारात उभं राहतं, आणि त्या सगळ्यात ते कुठेतरी खाली बसलेलं असतं. जड असतं एवढंच. तार्नोची पत्रं यायची, पहिल्या वर्षी तीन-चार, ती न फोडता परत पाठवायला लावायची. मग यायची बंद झाली. मीनू आता तेरा वर्षांची आहे, तिला डक मॅन नको असतो. गेल्या महिन्यात आई-बाबा म्हणाले, आता सुमीची गरज नाही, तिचं पण वय झालं, गुडघे दुखतात, तिला चांगलं काहीतरी देऊन पाठवू. ती म्हणाली, ठीक है मॅडम. येत्या गुरुवारी तिचं विमान आहे. कुठे राहणार, तर त्या काकूकडे, काकू ऐंशीच्या आहेत. स्वतःच्या भावाचं घर तिथून चार घरं सोडून.

आणि त्यात पत्रिका आली. तार्नोच्या मुलीचं लग्न, सुमी पोचते त्याच आठवड्यात, आणि वधूच्या आत्याच्या जागी सुमीचं नाव छापलेलं. वर हाताने लिहिलेलं, म्बाक, आता तरी ये. मला वाचता येतं म्हणून मी वाचलं. तिने ती फ्रिजवरच्या कापडाखाली सरकवली आणि म्हणाली, खोटारड्याच्या दारात मी तांदूळ टाकायला जाणार नाही.

परवा शुक्रवारी ती खोका बांधत होती. इथून जाणारे सगळे बांधतात तसा, दोरी आडवी-उभी, चारी बाजूंना मार्करने नाव. बाबांनी वजनकाटा आणून ठेवला होता. मी दोरीवर बोट धरून होते, ती गाठ मारत होती. आई शेजारी साड्यांच्या घड्या घालत होती, मीनू सोफ्यावर हेडफोन लावून. आम्ही चौघी एका खोलीत, आणि माझ्या मनात आलं की आता गुरुवारनंतर हे बोलायला माणूस नसेल. ती तिकडे चार घरं सोडून भावाकडे पाठ करून म्हातारी होईल, आणि ते मी केलेलं असेल. शेत तर गेलं, ते मला परत आणता येणार नाही, तिथे विटा झाल्या आणि विटांची कुणाची तरी घरं पण झाली. भाऊ तेवढा अजून आहे.

त्यानंतर काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते म्बाकचं आहे, तिने सांगायचं ठरवलं तर ती सांगेल, आत झोपलीय. आईला पण तेव्हाच पहिल्यांदा कळलं, म्हणून ती आज अशी दमलेली आहे, तुमच्याशी बोलायला नको म्हणाली ते त्यामुळे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी काय म्हणाले तेवढं लिहा. बसमध्ये पाठ केलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. मी दोरीवरचं बोट काढलं नाही आणि तिच्याकडे बघून तिच्या भाषेत म्हटलं, म्बाक, तार्नोने शेताचं विचारलं होतं, मला सगळं कळलं होतं, मी तुला सांगितलं नाही.